ऑग्डन, युटा

मार्च संपला तरी दाराशी बर्फ,
आणि हे निळी तबकडी पुढं करतात
तळहातावर, विड्यासारखी:
"शंभर मेगाबाइट! उद्या प्रत्येक संगणकाला
हिच्याच मापाची खाच असेल."
घरासाठी साठवलेल्यातून सहाशे शेअर.

दुसरी एक कंपनी
आपलं माप घेऊन उभीच होती.
मला दोन्ही सारख्याच,
साबणाच्या वड्या.

भाव चढला. हे झोपेत आकडे पुटपुटायचे.
मी हट्टानं चाळीस विकायला लावले:
शाल्मलीचे पुढचे दात वाकडे होते.
आठवडाभर अबोला.

मग तबकड्या टिकटिकायला लागल्या,
पोटातलं परत देईनात.
दोघींचीही खाच बुजली.

काल स्क्रीनवर शाल्मली हसली,
पुढची ओळ अजून सरळ.
हे बघत राहिले. म्हणाले,
"चाळीसच का गं विकले आपण?"