तिसऱ्या प्रकरणातलं फाटक

माझ्या कादंबरीत साल आहे दोन हजार एक्क्याण्णव.
समुद्र विकून झालेला आहे, वाव मोजून.
खाडीच्या तोंडाशी पोलादी फाटक,
फाटकावर बंदूकवाले, डोळ्यांवर काळी काच,
आणि वर कड्यावर मनोऱ्यात राहणारे लोक.
खालच्या वस्तीबद्दल त्यांना एवढंच ठाऊक आहे
की वारा फिरला की वास येतो.

तिसरं प्रकरण मी आनशी होडेकरला वाचून दाखवलं.
ती कालवं फोडत होती.
कोयतीचा एक टोला, मग टोक आत, मग मनगट जरासं वळवायचं.
मी वाचत होतो, ती फोडत होती.
पान संपलं तसं म्हणाली,
"बंदुका कशाला?"

लोक घाबरावेत म्हणून, मी म्हटलं.

"आमच्या फाटकावर गितेश हाय. माझ्या नणंदेचा.
गळ्यात निळी पट्टी, हातात ते टीं करणारं.
त्याच्या आयशीची साखरेची गोळी
कंपनीच्या दवाखान्यातनं येते.
तो माझ्या तोंडाकडं बघत नाय, कार्डाकडं बघतो.
बंदूक असती
तर मी एक शिवी तरी घातली असती."

मी समासात लिहिलं: शिवी.

"आणि हे एका रात्रीत झालं, असं कोण बोललं तुला?
आधी शाळेला गडगा बांधून दिलान.
मग नाईट क्रिकेटचा चषक, माणसाएवढा.
मग पालखीच्या वाटेवर फरशी,
देव पण गुळगुळीत चालला त्या शिमग्याला.
मग एक कागद आला.
मराठीतच होता, खोटं कशाला बोलू.
पण ओहोटी लागली होती,
वाचत कोण बसतो?"

थोडा वेळ नुसते टोले.
मग तिनं तो प्रश्न विचारला,
शिंपल्यातली माती फुंकावी इतक्या सहज:
"मनोऱ्यातली माणसं जेवतात काय?"

मी पानं उलटली.
पहिल्या प्रकरणात मेजवानी आहे,
एकवीस ओळींची, आरसे, सुरया, बर्फावर मांडलेली कालवं.
ती उघडणारा हात कुठेच नव्हता.
यंत्रं, मी म्हटलं. तोवर सगळं यंत्रं करतील.
आनशी हसली.
"यंत्राला वीज लागते.
मला तर चहा पण देत नायत."

पावणेपाचला ओहोटी. मी तिच्याबरोबर गेलो.
टीं.
चाळीस मिनिटं, एक पाटी, खडपाच्या डाव्या अंगाला.
गितेशनं हे तिला सांगितलं नाही, पडद्यानं सांगितलं.
मग तो माझ्याकडे वळून मोकळं हसला:
"या ना दादा, तुम्ही यादीत आहात."

यादी म्हणजे
खारबांधाला लागून होती ती सोळा गुंठे.
विकली काकांनी, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी
संमती माझी.
त्या पैशांतून दोन वर्षांची फुरसत आली,
खिडकीशी एक टेबल,
आणि दोन हजार एक्क्याण्णव साल.
आनशीला हे मी सांगितलं नाही.
तिला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नाही?

ती गुडघाभर चिखलात उतरली.
मी फरशीवर उभा राहून
बंदूकवाले खोडत होतो.
त्यांच्या जागी एक पोरगा लिहिला, निळ्या पट्टीचा,
त्याला आई दिली, आईला साखर दिली.
साल खोडलं, दुसरं सुचेना, जागा मोकळी ठेवली.
खाली तिचा अंगठा कापला,
तिनं तो तोंडात घातला, थुंकली, पुन्हा कोयती उचलली.
पाणी परत यायला लागलं होतं.

बाहेर पडताना पाटी काट्यावर ठेवली गेली.
दीडशे ग्रॅम जास्त.
गितेशनं वरची तीन कालवं काढून बादलीत टाकली,
मामीकडे न बघता.
माझ्या खांद्याला झोळी होती, झोळीत अख्खी खाडी,
फाटकासकट.
ती कुणी उघडून बघितली नाही.