कोरडे बूट

सिल्के येते ती थेट न्हाणीघरात.
दाराबाहेर बूट, चवडे आत वळलेले,
कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन पोरांसारखे.
मी उचलतो. आणि तो वास!
तळघरात विसरलेलं चीज, कुबट फडकं,
आयझरकाठच्या बिटाच्या शेतातला चिखल.

आधी आतला तळ उपसून काढायचा.
हे शिकवलं शेजारच्या ओडिलोनने,
शर्यतीतल्या पोरांच्या सायकली धुण्यात
चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाने:
"वास बुडाशी असतो रे,
क्लीटच्या स्क्रूंभोवती. पाणी तिथे दडी मारून बसतं."
मग कोमट पाणी, घोटभर व्हिनेगर, जुना टूथब्रश.
बॉयलरवर ठेवायचे नाहीत.
मी एकदा ठेवले होते,
सोल पुस्तकासारखा उघडला
आणि दीडशे युरोंची पानं सुटून हातात आली.

सोडा शिंपडून झाला.
चहाच्या वापरलेल्या पुड्या वाळवून भरल्या.
फ्रीझरमध्येही ठेवले, मटारांशेजारी.
मी गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात कामाला,
मला तरी कळायला हवं होतं:
थंडीने वास झोपतो फक्त,
पाय आत गेला की उठतो, उपाशी.
अ‍ॅनेलोर एवढंच म्हणाली,
"मटारांना विचारलंस का?"

शेवटी पेपरच.
कालचा, चुरगळून बोटांच्या टोकापर्यंत कोंबलेला,
रात्री दोनला उठून बदललेला.
सकाळी तळावर उलटी अक्षरं उमटतात:
अर्धी श्रद्धांजली, बिटाचा भाव,
कुणाचा तरी विकाऊ ट्रॅक्टर.
त्यावर पाय ठेवून ती निघते.

सोळा वर्षांची आहे.
माझ्याशी बोलते ते हो, नाही, मीठ दे.
बाकीचं मला बूट सांगतात.
आज कालव्याकाठाने गेली.
आज कुणाच्या तरी मागे होती,
त्याच्या चाकाने उडवलेली माती चवड्यांवर.
आज पडली, डावी टाच खरवडली,
आणि जेवताना अवाक्षर नाही.

गुरुवारी दिवसभर पाऊस,
समुद्राकडून येणारा, आडवा.
सहाला भिंतीवर हँडल टेकल्याचा आवाज आला.
"कशी झाली?"
"बरी."
बूट उचलले.
हलके.
नाक आत घातलं. सोडा. पुसटसं व्हिनेगर.
तळ उपसला, खालीही ठणठणीत.
स्क्रूंभोवती धूळ.

तीन आठवडे ज्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो
तो वास गेला होता,
आणि मी उंबऱ्यात उकिडवा बसून
त्याला शोधत होतो.

पिशवीतून गेले असतील, पिशवीतून आले असतील.
तीन तास कुठे बसली ही?
बसथांब्यावर? कुणाकडे?
आणि गेल्या गुरुवारी? तेव्हा माझी रात्रपाळी होती.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो.
वर तिच्या खोलीत दिवा होता.
उतरलो.

न्हाणीघरात, टबाच्या मागे,
तिचे कापडी बूट सापडले, निथळणारे,
त्यांनाही आता वास धरू लागला होता.

पेपर घेतला, दोन भाग केले.
अर्धा कोरड्या बुटांत भरला, रोजच्यासारखा,
अर्धा कापडी बुटांत, बोटांच्या टोकापर्यंत,
आणि चारही बूट ओळीने तिच्या दाराशी ठेवले.
क्रीडेचं पान तेवढं
आधीच काढून घेतलं होतं.