घुंवळ

फार्माकॉलॉजीची वही मी तीन रकान्यांत आखलीय:
औषध. दुष्परिणाम. कशासोबत देऊ नये.
पाठ करते इंग्रजीत,
रुग्णाला विचारते कोंकणीत,
आणि रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या ॲप्रनांखाली,
स्वतःला समजावते मराठीत.

डिगॉक्सिन. आधी नाडी मोज, पुरतं मिनिटभर.
साठाच्या खाली असेल तर गोळी वाटीतच राहू दे
आणि डॉक्टरांना कळव.
दिव्यांभोवती पिवळी कडी दिसतात म्हणाला रुग्ण
तर ती फेस्ताची रोषणाई नव्हे.
त्यालाच लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम बघ.
पोटॅशियम बघ.
(सिस्टर एफिजेनिया दोनदा म्हणतात, म्हणून मीही दोनदा लिहिलंय.)

वॉरफरिन. तांबडी भाजी सोडा, असं सांगू नकोस.
रोज जेवढी खाता तेवढीच खा, असं सांग.

मेट्रोनिडाझोल आणि उर्राक.
एप्रिलात हा प्रश्न सगळ्यांना विचार,
पाद्रीच्या आचाऱ्यालाही.

रिफाम्पिसिन. लघवी नारिंगी होते, घाम नारिंगी, अश्रूसुद्धा.
सुलक्षा वेळीप अंथरुणात उठून बसली: "अश्रूसुद्धा?"
त्या रात्री पुढचं पान झालंच नाही.

मंगळवारी कुंकळ्ळीच्या आरोग्य केंद्रात
इनास फेर्नांद आले.
एकशे ऐंशी, खाली एकशे दहा.
दोन आठवडे प्राझोसिन चालू; लघवीचाही त्रास,
म्हणून एका गोळीत दोन कामं.
कार्डावर सगळं नीट.
गोळी घेता ना?
"घेतां गो बाय."
मग तो प्रश्न, जो परीक्षेत दोन गुणांना येतो:
उठताना चक्कर येते का?
मान हलली, नाही.
मी "नाही" लिहिलं.
ते दारापर्यंत गेले, परत आले,
शर्टाच्या खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.
एकच गोळी फुटलेली.

पुढचं ते कोंकणीत बोलले, मी मराठीत लिहितेय;
एक शब्द तेवढा तसाच ठेवते.
"रात्री घेतली. पहाटे माडावर चढलो.
अर्ध्यावर घुंवळ आली.
कमरेला काती, पाठीला दुदिनें,
खाली बांधाचे दगड.
खोडाला मिठी मारून राहिलो, किती वेळ कुणास ठाऊक.
एकोणीस माड आहेत माझे, दिवसातून तीनदा.
तूच सांग, गोळी कुठल्या चढणीनंतर घेऊ?"

मला उत्तर तोंडपाठ होतं:
आधी उठून बसा. पाय खाली सोडा.
मिनिटभर थांबा. काठ धरून उभे राहा.
माडाला काठ नसतो.
मी गप्प राहिले
आणि दंडावरचा कफ उगाच घट्ट गुंडाळून ठेवला.

डॉक्टर शिंक्रेंनी केसपेपर उलटा-सुलटा केला.
"काम काय करतात? विचारलं होतं कुणी?"
विचारलं होतं. "व्यवसाय" पुढे छान अक्षरात लिहिलेलं होतं:
स्वतःचा.

गोळी बदलली. ॲम्लोडिपिन, रोज एक.
चार दिवस चढू नका, डॉक्टर म्हणाले.
इनासबाब हसले.
"सूर काय सुट्टीवर जाते?"
पुतण्याला सांगतो म्हणाले; पुतण्या बोटीवर असतो,
हेही त्यांनीच सांगितलं, जाता जाता.

रात्री वही उघडली. ॲम्लोडिपिन:
डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घोटे सुजणे.
सुजणे, पाठ केलं.
मग थांबले.
ते माडाला पायांनी धरतात.

रकाने तीनच होते, आणि पान भरलेलं.
मी समासात आडवं लिहिलं,
पेन्सिलीने, कारण पेन सुलक्षाकडे होतं:
पुढला मंगळवार. इनासबाब.
घोटे बघणे. आले नाहीत तर
कुणाकडे तरी विचारणे.