फ्यूचर परफेक्ट, मंगळवारी साडेसात

ग्रिम्सबीत, चर्चच्या तळघरात
हीटर एकाच बाजूने तापतो, म्हणून सगळे त्या बाजूला.
रेबवारच्या बाहीला हॅडॉकचा वास,
पाळी सुटली की तो थेट इथेच येतो.

हेस्केथबाई फळ्यावर लिहितात: विल.
म्हणतात, मुळात ह्याचा अर्थ इच्छा.
उद्यासाठी वेगळं रूप इंग्रजीला कधी झालंच नाही,
मग तिने इच्छेलाच कामाला लावलं.
मूळ क्रियापद जसंच्या तसं,
पुढे फक्त एक ‘हवंय’ आणून बसवायचं.

माझ्या भाषेत भविष्य क्रियापदाच्या पोटातच वाढतं:
करीन, जाशील, मिळेल.
मी झेरॉक्स वाटत होते, बोलले नाही.

‘गोइंग टू’ कधी? चिन्हं दिसत असतील तेव्हा.
पुस्तकात शिडीवरचा रंगारी, डबा कलंडलेला:
तो पडणार आहे.
मी इथे आल्यापासून पडणार आहे.

सगळं ठरलेलं असेल, तिकीट हातात असेल,
तर ‘आय अ‍ॅम गोइंग होम ऑन संडे’.
हालिना विचारते, तिकीट आहे,
पण घराला छप्पर राहिलेलं नाही. तर कोणता काळ?
बाई मार्करचं टोपण लावतात, काढतात.
‘आय विल चेक.’
आणि लगेच, सुटका झाल्यासारख्या:
बघा, हे मी आत्ता ठरवलं, म्हणून विल!

शेवटी सगळ्यांत लांबलचक रूप.
रेबवार उठतो. त्याच्या सोरानीत
आजचंच क्रियापद उद्यालाही चालतं,
‘उद्या’ म्हटलं की झालं.
इथे मात्र तो शब्द रचतो
माशांच्या खोक्यांसारखे, एकावर एक, कडा जुळवून:
बाय नेक्स्ट मार्च
आय विल हॅव बीन वेटिंग
फॉर फोर इयर्स.

एकही चूक नाही.
कशाची वाट, ते वाक्यात नव्हतं,
व्याकरणाला ते लागतही नाही.
बाईंनी ‘गुड’ म्हटलं, पण फळ्याकडे तोंड करून.

नऊ दहाची बस साध्या वर्तमानकाळात सुटते,
वेळापत्रकाला इच्छा नसते.
दारात सवयीने तोंडून निघालं, येते हं.
रेबवारने अर्थ विचारला. सांगितला.
पण तू तर चाललीस, तो म्हणाला.
‘जाते’ म्हणायचं नसतं आमच्यात.
त्याने ते वहीत उतरवलं, उजवीकडून डावीकडे,
काळाचा रकाना मोकळा ठेवून.
बस आली तेव्हा तो
अजून पेन्सिल चावत उभा होता.