सातवा रकाना

दर तीस सेकंदांनी घड्याळ टिवटिवतं,
त्या क्षणी शेळी जे करत असेल
त्यापुढे खूण करायची.
चरणं. रवंथ. उभं राहणं. बसणं.
अंग घासणं. दुसरीला ढुशी.
सातवा रकाना : दृष्टीआड.
दहा मिनिटं, वीस खुणा.
मधल्या वेळात तिने काही केलं
तर ते झालंच नाही असं धरायचं.

हे डेन्झिलला पटत नाही.

डेन्झिल ट्रेगीअर, वय त्रेपन्न,
प्राणी व्यवस्थापन आणि कल्याण, पदवीचं दुसरं वर्ष.
मी एकोणीसची.
हजेरीपटावर आमची नावं लागोपाठ, म्हणून जोडी.
कॉर्नवॉलचा वारा समुद्रावरून येतो,
कागद दमट करून जातो,
शाई फुटते. पेन्सिलच बरी.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं कोण कुठून आलं.
कुणी भटक्या मांजरांच्या निवाऱ्यातून,
कुणी घोड्यांच्या पागेतून,
मी काकांच्या गोठ्यातून, जो आता विकलाय.
तो म्हणाला, कत्तलखान्यातून. एकोणतीस वर्षं.
मग कुणाचं तरी पेन खाली पडलं
आणि ते उचलायला चौघं वाकले.

निबंधाखाली संदर्भसूची लागते.
त्याने लिहिलं होतं :
‘शेवटच्या वळणावर जमिनीवर सावली पडली
की बैल थबकतो. ओरडू नये. सावली हलवावी.
संदर्भ : स्वतः पाहिलेलं.’
पेंडार्व्हिस मॅडमनी लाल शाईत विचारलं, वर्ष?
त्याने खाली लिहिलं, रोज.

शेळीचं नाव पिल्चर्ड.
माशाचं नाव शेळीला कुणी ठेवलं, माहीत नाही;
आमच्याआधीच्या कुठल्या तरी तुकडीने.
वय चौदा. पुढचे गुडघे सलगमाएवढे.
वेदनेची मोजपट्टी आम्हाला पाठ आहे :
कान, डोळे, नाकपुड्या,
शून्य, एक, दोन, बेरीज.
मी बेरीज करत असते, तेव्हा तो
तिच्या जबड्याला कान लावून उभा.
दात खातेय, म्हणतो.
रागाने नाही गं. दुखतंय म्हणून.
कुठल्या रकान्यात?
कुठल्याच नाही.

मुकी जनावरं म्हणतात लोक.
तो हसतो फक्त.

फेब्रुवारीत बैठक झाली.
आमचेच आकडे, आमचाच आलेख,
खाली उतरत गेलेली निळी रेघ,
तिच्याकडे बोट दाखवून सगळे हळू आवाजात बोलले.
गुरुवारी पशुवैद्य आला, जोरी नावाचा, तरुण,
बूट फार स्वच्छ.
कुणी धरेल का, त्याने विचारलं.
वर्गातल्या कुणीही डेन्झिलकडे पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

तो गवतात बसला, पँट ओली झाली.
तिचं डोकं मांडीवर घेतलं.
खिशातून आयव्हीची पानं काढली, चार-पाच,
कुंपणावरून आणलेली.
जोरी पुढे झाला तर म्हणाला,
थांब. घास आहे तोंडात.

आम्ही सगळे एका शेळीचा घास संपायची वाट बघत उभे.
कितीतरी वेळ.
तिकडे नावं नव्हती, तो तिला सांगत होता का आम्हाला,
तिकडे नंबर होते,
आणि तेही कानात, जाताना वाचायचे.

नंतर माझ्या खिशात टिवटिव झाली.
बंद करायचं राहूनच गेलं होतं.
हात सवयीने तक्त्यावर गेला,
सातव्या रकान्यात खूण केली.
नाही, तो म्हणाला. समोर आहे ती.
अंगठ्याने पुसली, कागद काळा झाला.
मग काय लिहू?
पुन्हा टिवटिव.
तो तिच्या कानामागे खाजवत राहिला,
जिथे तिला आवडायचं.

तक्त्यात अकरा खुणा, नऊ जागा कोऱ्या.
माहिती अपुरी म्हणून दोन गुण गेले.
आम्ही मागायला गेलो नाही.
सोमवारपासून आम्हाला फेरेट दिलेत,
ते झोपतात फार,
आणि डेन्झिलच्या खिशात अजून
आयव्हीचं एक पान आहे, वाळलेलं,
घड्याळ काढताना हाताला लागतं.