हजार होईपर्यंत

विद्यापीठाची बस विडी घरकुलाच्या कमानीत
अडकता अडकता आत शिरली.
आम्ही सहा जण, सगळे तिसऱ्या वर्षाचे,
अठरा लॅपटॉप, दोन एक्स्टेन्शन बोर्ड
आणि माझ्या पिशवीत एक भोकाभोकांचं जुनं कार्ड,
साखर पेठेतल्या भंगारवाल्याकडून वीस रुपयांना आणलेलं.

भाषण पाठ होतं:
चादरीवरचा मोर या भोकांतून येतो, बघा.
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली.
एक आणि शून्य. म्हणजे संगणक
तुमच्या घरात तुमच्या आजोबांपासून आहे!
इथं टाळ्या येतील असं मी धरून चालले होते.

नववी ब नं कार्डाकडे बघितलं.
मागच्या बाकावरून अय्याज मोमीन म्हणाला,
"मॅडम, ह्याची पोती होती आमच्यात.
कारखाना बंद पडला तवा
पाणी तापवाय जाळलो आम्ही."

पंखा एकवर होता. पाचवर केला, तरी एकवरच होता.
पत्र्याखाली मार्च संपत आलेला.
मी कार्ड पिशवीत घातलं
आणि फळ्यावर लिहिलं: लूप.
"एकच काम पुन्हा पुन्हा, रोज, कोण करतं?"

"हेडसर," कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.
भाग्यलक्ष्मी बोद्धूल उभीसुद्धा राहिली नाही.
"अम्मा," ती म्हणाली. "हजार."

मग हवेतच हात चालवून दाखवले:
भिजलेलं पान, कात्री, चिमूटभर तंबाखू,
गुंडाळी, दोरा, टोक मुडपायचं.
पंचवीसची जुडी. चाळीस जुड्या.
तिच्या मांडीवर सूप नव्हतं,
तरी गुडघे सुपाएवढे फाकलेले.

एका बोटानं टाइप केलं तिनं.
विडी शून्यापासून. हजार होईपर्यंत. एक मिळव.
मग थांबली. "छाट कुठं लिहायची?"
"म्हणजे?"
"तपासणारा बाजूला टाकतो त्या. मोजत नाही. पान तर गेलं ना आमचं."
"लिही: जर खराब, तर एक वजा."
"खराब कुठली?"
"तू ठरव."
"मी कुठं ठरवते, मॅडम. तो ठरवतो."

ते आम्ही नशिबावर सोडलं,
संगणकात त्यासाठी तयार आज्ञा असते.

एंटर.
एक. शून्य. एक. शून्य. एक. शून्य.
पडदा भरून खाली सरकायला लागला.
"मॅडम, हे थांबंना झालंय."
सगळी नववी ब तिच्या खुर्चीमागे.
अय्याज म्हणाला, "बरोबरच आहे की."

चूक बारीक होती. वजाची ओळ
'जर'च्या पोटात नव्हती, बाहेर पडली होती,
म्हणून प्रत्येक विडी छाट.
चार रिकाम्या जागा. तिनं त्या दिल्या,
आणि आकडा अडखळत, मागं येत, पुन्हा चढत
हजारावर जाऊन उभा राहिला. खाली: झालं.

"तेलुगूत चालतं का हे?
अम्माला मराठी वाचाय येत नाही."
"चालतं," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

प्रिंटर आणला नव्हता. वहीच्या मागच्या पानावर
तिनं सगळं उतरवून घेतलं,
रिकाम्या जागा बोटानं मोजत.

अभिप्रायाच्या फॉर्मवर पाचपैकी चार तारे,
एक पंख्याचा कापलेला.
'मोठेपणी काय व्हायचं आहे' कोरं.
'सूचना'च्या चौकटीत एकच शब्द, गोल गोल अक्षरांत,
'झालं'च्या जागी घालायला.

हॉस्टेलवर घातला.
पडद्यावर चौकोन आले, नुसते चौकोन, ओळीनं.
फॉन्ट शोधला, मग अक्षरं एकेक करून
आकारावरून जुळवत बसले,
काय लिहितेय ते न कळता.

मेसमध्ये नरसम्मांना फोनवर दाखवलं.
त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, चष्मा वर केला.
"अयिपोयिंदी."
"म्हणजे?"
"झालं. संपलं काम."
पोळी तव्यावर टाकली, आणि मग विचारलं,
"कुणाचं?"