पान दोनशे एकाहत्तर

पुरानंतर पुस्तकं गच्चीवर वाळत घातली होती,
नायलॉनच्या दोरीवर, मधोमध उघडून, टॉवेलसारखी.
ही कादंबरीही त्यातच. तीन पिढ्यांनी वाचलेली,
मार्जिनला कुणाच्या तरी चहाचा डाग.
शेवटची चाळीस पानं एकमेकांना धरून बसलेली;
सुरी घातली तर अक्षरं सुरीबरोबर निघाली.
तेव्हापासून ती दोनशे एकाहत्तरला संपते:
तुळजा हरिपूरच्या पेवावर वाकलेली,
दोरीला कंदील,
कंदील खाली चाललेला.

आरवाडे वहिनींनी काउंटरवर पुस्तक आपटलं.
कंदील विझतो का राहतो, तेवढं तरी सांगा.
मी म्हटलं, पिक्चर आलाय. बघून या.

मग मीही गेले, मिरजेला,
भडंगाची पुडी पर्समध्ये लपवून.

पडद्यावर हळद उडत होती
उन्हात, संथ, गुलालासारखी.
हळद अशी उडत नाही.
नखांत बसते, घशात बसते,
हमालाच्या बनियनवर मळकट होऊन राहते.
पुस्तकात तर बारा पानं नुसता हिशेब,
पोत्यामागं घट, ओल, तोलाई, अडत.
ती बारा पानं मी दर वेळी गाळत आले,
आणि पिक्चरमध्ये गाळली म्हणून
मलाच राग आला.

पेवही खोटं. सिमेंटची रिंग, आत पिवळा बल्ब.

माझी मावशी हरिपूरची.
पेवाचं तोंड उघडलं की आधी वारं,
मग कंदील, मग माणूस.
हा क्रम तिनं मला सांगितला
भाताला पाणी किती घालायचं तितक्या सहज.
कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा
तुळजाला मी मावशीचाच चेहरा लावला.
लेखकानं दिला नव्हता, नुसतं ‘उंच’ लिहिलेलं.
मावशी बुटकी. तरी चाललं.

आता काही केल्या ती येत नाही.
पान उघडलं की नटीच वाकते पेवावर,
रेखीव, कपाळावर घामाचा एकच थेंब.
मावशीला जाऊन नऊ वर्षं झाली.
हे तिचं दुसऱ्यांदा जाणं.

पण खोटं कशाला बोलू,
कंदील सोडताना त्या नटीनं
दोरीचा एक वेढा मनगटाला जास्त घेतला.
पुस्तकात तो नाही. मी घरी येऊन शोधला.
मावशी घ्यायची.
मी विसरून गेले होते.

वहिनी म्हणाल्या, पिक्चरमध्ये राहतो हो कंदील,
ती उतरते, वर येते, पाऊस, गाणं, सगळं.
पुस्तकातही तसंच का?
मला नीट आठवेना. विझतो, बहुतेक.
ती दोरी गुंडाळते, हात झटकते,
आणि पुढं कितीतरी पानं
काहीच घडत नाही.

बाइंडर अत्तार म्हणाला, कव्हर ढिलं होतंय,
जाडीला चाळीस कोरी घालू?
घाल म्हटलं.

गेल्या मंगळवारी पुस्तक परत आलं.
पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं,
आरवाडे वहिनींचं तिरकं अक्षर:
‘दोन पोती घट. बाकी उद्या बघू.’

पुस्तकात लिहिल्याचा दंड पाच रुपये.
घेतला.